पेट्रोल पंपावर बिअर? पोलिसांची भीती आणि पाच फुटांचा नियम

आजची छोटी गोष्ट कॅलिफोर्नियाची. 1980च्या दशकात तिथल्या बऱ्याच पेट्रोल पंपांवर छोटी दुकानं आली. दूध, ब्रेड, चिप्स आणि सोबत बिअर.

पोलिसांची काळजी साधी होती. पंपावर माणूस गाडी घेऊनच येतो आणि गाडी घेऊनच जातो. हातात थंडगार कॅन दिला, तर तो घरी जाऊनच उघडेल कशावरून? काही शहरांनी तर पेट्रोल आणि बिअर एकत्र विकायला सरळ बंदीच घातली.

मग 1987 साली राज्याने कायदा केला. निव्वळ पंप आहे म्हणून सरसकट बंदी नाही. शहर एकेक अर्ज तपासू शकतं. पण नकार द्यायचा तर पुराव्यासकट लेखी कारणं हवीत. म्हणजे पोलिसांनी नुसतं ‘आम्हाला भीती वाटते’ म्हणून भागेना. त्या जागेचं काय, ते दाखवावं लागलं.

अटी मात्र कडक. नवीन मांडणीत बिअर गल्ल्यापासून आणि दारापासून पाच फूट लांब. बर्फाच्या टबात ठेवायची नाही. पंपाजवळ जाहिरात नाही. खिडकीतून गाडीत विक्री नाही. रात्री 10 ते 2 बिअर विकणारा कर्मचारी किमान 21 वर्षांचा.

मला हे आवडतं, कारण इथे भीतीचे तुकडे करून प्रत्येकावर नियम लिहिलाय. पण खरं सांगू? हे सगळे नियम दुकानाच्या दारापर्यंतच. गाडीचं दार बंद झाल्यावर काय, हा पोलिसांचा मूळ प्रश्न तिथेच राहतो.