सुएझ कालव्यातील जहाजांचे वेळापत्रक आणि नाशिक परिसर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नाशिक हे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले शहर आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या इतिहासाचा विचार करताना गोदावरी, तीर्थक्षेत्र, पेशवाई, सत्याग्रह हे विषय जितके पुढे येतात तितका सागरी वाहतुकीचा विषय येत नाही. परंतु दि. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा वाहतुकीस खुला झाल्यानंतर त्या अरुंद जलमार्गातून कोणते जहाज केव्हा पुढे सरकणार, याचा परिणाम देवळालीच्या छावणीपासून भगूरच्या एका कुटुंबापर्यंत जाणवू लागला. जहाजाचे कालव्यातील मार्गक्रमण आधी कसे ताडता येत असे आणि नाशिकच्या माणसाला ते कोठून 'पाहता' येत असे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कालव्याचे गणित :

पोर्ट सैद ते सुएझ हे मूळ कालव्याचे अंतर सुमारे १६४ किलोमीटर होते. काठ ढासळू नयेत म्हणून ताशी सुमारे १० किलोमीटर एवढीच वेगमर्यादा घालण्यात आली होती. म्हणजे कोठेही न थांबता जाणाऱ्या जहाजालाही सोळा तासांहून अधिक वेळ लागणार, हे उघड होते. प्रत्यक्षात प्रारंभीच्या काळात दीड ते दोन दिवस लागत. याची कारणे दोन. पहिले, पात्र अरुंद असल्यामुळे समोरून जहाज आले की एकाला ठरावीक थांब्यावर काठाला बांधून उभे राहावे लागे. दुसरे, रात्री वाहतूक बंद असे. १८८७ पासून विजेचा प्रखर झोत बाळगणाऱ्या जहाजांना रात्री जाण्याची मुभा मिळाली आणि हा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. टपाल वाहणाऱ्या जहाजांना अग्रक्रम असल्याने त्यांचा हिशेब इतरांपेक्षा अधिक बिनचूक मांडता येई.

याच सुमारास दुसरी एक सोय झाली. १८७० मध्ये सुएझ, एडन व मुंबई समुद्राखालील तारेने जोडली गेली. जहाज पोर्ट सैदला आले, सुएझ सोडून निघाले, एडनला पोहोचले, या वार्ता आता जहाजाच्या कितीतरी आधी मुंबईत येऊन वृत्तपत्रांच्या जहाजवार्तांत छापल्या जाऊ लागल्या. सुएझ ते एडन सुमारे १,३०० आणि एडन ते मुंबई सुमारे १,६५० सागरी मैल. ही अंतरे व जहाजाचा वेग ठाऊक असलेल्या वाचकाला आगमनाचा दिवस घरबसल्या काढता येई. नाशिककराच्या दृष्टीने कालवा पाहण्याची जागा इजिप्तच्या वाळवंटात नव्हती. ती तारघरात आणि वृत्तपत्राच्या त्या बारीक टंकातील स्तंभात होती.

देवळालीची छावणी :

या वेळापत्रकाचा सर्वांत दृश्य परिणाम देवळाली येथे घडला. थळ घाटातील चढ पार करून लोहमार्ग १८६५ च्या प्रारंभी इगतपुरीपर्यंत पोहोचला होता. मुंबई बंदरापासून सुमारे १८० किलोमीटरवर, थंड व कोरड्या हवेत असलेली देवळाली ही येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या पलटणींच्या मुक्कामाची जागा ठरली. 'क्रोकोडाइल', 'युफ्रेटिस', 'जमना', 'मलबार' व 'सेरापिस' ही सरकारची पाच सैन्यवाहू जहाजे प्रारंभी इजिप्तच्या दोन्ही बाजूंना विभागलेली होती. सैनिक अलेक्झांड्रियाला उतरत, रेल्वेने सुएझला येत आणि तेथे दुसऱ्या जहाजात बसत. कालवा झाल्यावर ही चढउतार संपली.

मात्र तांबड्या समुद्रातील उन्हाळा टाळण्यासाठी सैन्यवाहतूक शरद ऋतूपासून वसंतापर्यंतच चाले. मुदत संपलेल्या सैनिकाचे हंगामातील शेवटचे जहाज चुकले, तर पुढील हंगामापर्यंत त्याला देवळालीतच दिवस काढावे लागत. काम नाही, शिस्त सैल, घराची ओढ आणि भोवती अनोळखी मुलूख. या रिकामेपणाने खचलेल्या माणसाच्या अवस्थेला सैनिकांच्या बोलीत 'डूलॅली टॅप' असे नाव पडले. त्यातील पहिला शब्द देवळालीचा अपभ्रंश, तर दुसरा आपल्या 'ताप' या शब्दाच्या कुळातला. फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींत या छावणीचे वर्णन आढळते. पुढे 'डूलॅली' हा शब्द वेडसर या अर्थाने इंग्रजी भाषेत रुळला. नाशिक जिल्ह्यातील एका गावाचे नाव जगभर गेले ते असे, जहाजाच्या प्रतीक्षेतून.

'मोरिया' जहाजाचा प्रवास, जुलै १९१० :

देवळालीलगतच्या भगूरचे वि. दा. सावरकर १९०६ च्या जूनमध्ये 'पर्शिया' या जहाजाने मुंबईहून विलायतेला निघाले, तेव्हा याच कालव्यातून गेले. परतीचा प्रवास निराळा होता. दि. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध झाला. मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडन येथे अटक झाली आणि दि. १ जुलै रोजी 'मोरिया' या जहाजातून त्यांची रवानगी करण्यात आली. मार्सेय बंदरात दि. ८ जुलैच्या सकाळी त्यांनी मारलेली उडी सर्वश्रुत आहे. या घटनेमागे वेळापत्रकाचा जो भाग आहे, त्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

हेग येथील लवादाच्या दि. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात असे नमूद आहे की, जहाज ७ किंवा ८ जुलैला मार्सेयला लागेल ही सूचना लंडनच्या पोलीस प्रमुखांनी २९ जूनच्या पत्राने फ्रेंच पोलिसांना आधीच दिली होती. म्हणजे जहाज केव्हा व कोठे असेल, हे ज्ञान हा या प्रकरणातील बंदोबस्ताचा पाया होता. टपाल जहाजांचे वेळापत्रक जाहीर असल्याने ते बंदिवानाच्या सहकाऱ्यांनाही अगम्य नव्हते.

जहाजाने ९ जुलै रोजी मार्सेय सोडले. तेथून पोर्ट सैद सुमारे १,५०० सागरी मैल. ताशी १६ मैलांच्या गतीने हे अंतर चार दिवसांचे. म्हणजे १३ जुलैला पोर्ट सैद, कोळसा भरून त्या दिवशी कालव्यात प्रवेश, आणि १४ जुलैच्या सकाळच्या सुमारास सुएझ. तेथून एडनपर्यंत साडेतीन दिवस धरले तर १७ जुलै ही तारीख येते, आणि एडनच्या आगमनाची तीच तारीख चरित्रग्रंथांत आढळते. अनुमान आणि नोंद यांचा असा मेळ बसतो. त्यावरून, कालव्याचा बराचसा प्रवास रात्री झोताच्या उजेडात झाला असावा, असे म्हणता येते.

कालव्यात काठ जहाजापासून हाकेच्या अंतरावर येतात. तरीही मार्सेयला जे घडले ते येथे घडणे जवळजवळ अशक्य होते. पहारा आता अत्यंत कडक झाला होता, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. मार्सेयची भूमी फ्रान्सची होती म्हणूनच तेथील अटकेतून आंतरराष्ट्रीय वाद उभा राहिला. १८८८ च्या कॉन्स्टँटिनोपल कराराने कालवा सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुला असला, तरी १८८२ पासून इजिप्तमध्ये ब्रिटिश फौज होती. काठ जवळ होता. आश्रय जवळ नव्हता.

एडनला सावरकरांना 'सालसेट' या जहाजात हलविण्यात आले. 'मोरिया' ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या मार्गावरील असल्याने मुंबईचे टपाल व प्रवासी एडनहून वेगळ्या जहाजाने येत. ही बदली म्हणजे नित्याच्या व्यवस्थेचाच भाग होय. दि. २२ जुलै रोजी मुंबई, आणि तेथून थळ घाट चढून नाशिक. ज्या लोहमार्गाने गोरे सैनिक जहाज गाठण्यासाठी उतरत, त्याच मार्गाने हा बंदिवान वर आला.

उत्तरकाळ :

१९५६ मध्ये इजिप्तने कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. १९६७ ते १९७५ अशी आठ वर्षे तो बंद राहिला. आज जहाजे तांड्याने सोडली जातात आणि प्रत्येक जहाजाचे स्थान कोणालाही संगणकावर पाहता येते. नाशिकचे कालव्याशी नाते मात्र तुटलेले नाही. युरोपला जाणारी द्राक्षे जानेवारी ते एप्रिल या हंगामात न्हावा शेवा येथून शीतपेट्यांतून निघतात. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज आडवे अडकून सहा दिवस कालवा बंद झाला, तो काळ ऐन हंगामाचा होता. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, आणि २०२४ च्या हंगामात नाशवंत मालाच्या प्रवासात दहा ते पंधरा दिवसांची भर पडली. निफाड, दिंडोरीचा बागायतदार आज जहाजाच्या स्थितीची चौकशी करतो, तेव्हा तो नकळत एका जुन्या परंपरेत उभा असतो.

निष्कर्ष :

१. कालवा, तारायंत्र व लोहमार्ग या तिन्हींच्या संयोगाने नाशिकसारखा अंतर्गत प्रदेश सागरी वेळापत्रकाशी बांधला गेला.

२. हे वेळापत्रक सर्वांना सारखे लाभले नाही. सैनिकाला त्याने ताटकळत ठेवले, सरकारला बंदोबस्ताची सोय दिली, बंदिवानाला मार्सेयची एक संधी दिली आणि कालव्यात ती नाकारली.

३. जहाजवार्ता, अंतरे व वेग यांच्या साहाय्याने चरित्रांतील तारखांची पडताळणी करता येते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात या साधनाचा उपयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेणे सहज शक्य आहे. त्यासाठी समुद्रकिनारी जाण्याची गरज नाही. जुन्या वृत्तपत्रांच्या फाइली आणि नकाशा पुरेसा आहे.