एका उन्हाळ्यापुरते छप्पर

वास्तुकलेचा इतिहास बहुतेक वेळा टिकून राहिलेल्या गोष्टींचा इतिहास असतो. देऊळ टिकते, किल्ला टिकतो, म्हणून त्यांच्यावर ग्रंथ होतात. जत्रेचा मांडव चौथ्या दिवशी उतरतो, बांबू गाडीवर चढतात, कापडाच्या घड्या होतात आणि मागे राहतात ती जमिनीतली भोके. त्यांचा इतिहास कोण लिहिणार? मी वास्तुशास्त्र शिकलेलो नाही. तंबू, राहुट्या आणि कनाती यांच्याविषयीच्या कुतूहलापोटी गेली काही वर्षे मिळेल ते वाचत आलो. या वाचनात विसाव्या शतकातले एक प्रकरण मला पुन्हापुन्हा खेचून घेत राहिले. एका बागेतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी एका उन्हाळ्यापुरते उभारलेले कापडाचे एक छप्पर, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. ते १९५५ साली जर्मनीतल्या कासेल शहरात उभे राहिले. त्याचा कर्ता फ्राय ओटो तेव्हा तीस वर्षांचा होता.

दगडाच्या घरातला मुलगा

ओटोचा जन्म १९२५चा, सॅक्सनीतल्या केम्निट्झजवळचा. वडील आणि आजोबा दोघेही शिल्पकार. शाळेच्या सुट्ट्यांत त्याने स्वतः पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारी केली. पण पोराचा जीव रमला तो ग्लायडर बनवण्यात आणि उडवण्यात. ग्लायडर म्हणजे लाकडाचा बारीक सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले पातळ कापड. वजन वाढले की उडणे संपले, एवढा त्याचा साधा न्याय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात तो जर्मन हवाई दलात वैमानिक होता. पकडला गेल्यावर फ्रान्समधल्या शार्त्र येथील युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने दोन वर्षे काढली. तिथे त्याच्याकडे छावणीच्या वास्तुरचनेचे काम आले. हाताशी सामान जवळपास नव्हतेच. कमीत कमी वस्तूंतून निवारा कसा उभा करायचा, हा प्रश्न त्याला पुस्तकात भेटण्याआधी तिथे भेटला.

युद्धानंतर बर्लिनमध्ये वास्तुकलेचे शिक्षण घेत असताना १९५० साली तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये अभियंता फ्रेड सेव्हरुड याच्या कचेरीत त्याने एका इमारतीचे नकाशे पाहिले. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या वार्षिक जत्रेसाठी रॅली शहरात बांधायच्या प्रेक्षागाराचे ते नकाशे होते. मूळ कल्पना मॅथ्यू नोविकी या पोलिश वास्तुकाराची. काँक्रीटच्या दोन तिरप्या कमानी आणि त्यांच्यामध्ये लोखंडी दोरांच्या जाळ्यावर टांगलेले, घोड्याच्या खोगिरासारखे दुहेरी वळलेले छप्पर. तोवर छप्पर खांबांवर ठेवण्याची चाल होती. इथे ते दोरांवर टांगलेले होते. याच विषयावर पुढे ओटोने प्रबंध लिहिला आणि १९५४ साली तो 'टांगते छप्पर' अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

या नोविकीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. आल्बर्ट मेयर याच्याबरोबर तो चंदीगडच्या पहिल्या आराखड्यावर काम करत होता. त्या कामाहून परतताना ३१ ऑगस्ट १९५० रोजी, मुंबईहून निघून कैरोमार्गे न्यूयॉर्कला जाणारे त्याचे विमान कैरोजवळ कोसळले. त्यात नोविकी गेला. रॅलीचे प्रेक्षागार त्याच्या माघारी पुरे झाले आणि चंदीगड ल कोर्बूझिएकडे गेले. चंदीगडच्या इतिहासात नोविकी एखाद्या परिच्छेदात आटोपतो. तंबूंच्या इतिहासात मात्र तो पहिल्या पानावर बसायला हवा.

रुमालाची चार टोके

कासेल हे युद्धात बेचिराख झालेले शहर. ऑक्टोबर १९४३च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा जुना गाभा जळून गेला होता. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरवायचे ठरले. त्याची सूत्रे हर्मान माटर्न या उद्यानरचनाकाराकडे होती. त्याने या अननुभवी तरुणाला छोटे छोटे मंडप करायला सांगितले. त्यातले एक छप्पर वाद्यवृंदासाठी होते.

ते नेमके कसे होते, हे समजून घ्यायचे तर खिशातला रुमाल काढावा. दोघांनी मिळून त्याची चार टोके धरावीत. चारही टोके एका पातळीत ताणली तर रुमाल सपाट राहतो. मध्ये बोट टेकवले की दबतो आणि खालून फुंकर मारली की फुगतो. आता समोरासमोरची दोन टोके वर उचलावीत, उरलेली दोन खाली खेचावीत. रुमालाला खोगिराचा आकार येतो. एका दिशेने तो दरीसारखा खाली झुकतो, तर आडव्या दिशेने टेकडीसारखा वर उठतो. वरून भार आला तर एका दिशेचे धागे तो पेलतात, खालून वारा आला तर दुसऱ्या दिशेचे धागे त्याला अडवतात. दोन्ही दिशांचे धागे आधीपासून एकमेकांना ताणून धरत असल्याने कापड फडफडत नाही. आणि तंबू फाटतो तो बहुधा वजनाने नव्हे, फडफडण्याने.

कासेलचे छप्पर हेच होते. सुमारे एक मिलिमीटर जाडीचे सुती कापड, त्याच्या चारही कडांना लोखंडी दोर, दोन टोके खांबांवर चढवलेली आणि दोन जमिनीकडे खेचलेली. पसारा सुमारे अठरा मीटर. आत तुळई नाही, वासा नाही, छताला सांगाडा नाही.

आपल्या मांडवाशी तुलना केली की यातला फरक उलगडतो. आपल्या मांडवात भार पेलतो तो बांबूचा सांगाडा. सुंभाने आणि सुतळीने बांधलेले वासे खरे काम करतात आणि कापड वरून पांघरलेले असते. म्हणून अवकाळी पाऊस आला की कापडाला पोट सुटते, त्यात पाणी साचते आणि मांडववाल्याची पोरे खालून बांबूने ते पोट ढकलत पाणी उतरवत धावतात. हे दृश्य ज्याने पाहिलेले नाही असा मराठी माणूस विरळा. कासेलच्या छपराला पोट सुटायला जागाच नव्हती, कारण त्यात सपाट असा भागच नव्हता. तिथे कापड पांघरूण राहिले नाही. तेच इमारत झाले.

या कामात आणखी एक नाव आहे आणि ते नेहमी दुसऱ्या क्रमांकावर येते. कॉन्स्टान्झ येथील स्ट्रोमायर हे तंबू बनवणारे जुने घराणे, १८७२ सालापासूनचे. त्या घराण्यातल्या पेटर स्ट्रोमायरने ओटोला कारखाना खुला करून दिला. खोगिराचा आकार सपाट कापडातून काढायचा तर पट्टे वाकड्या रेषेत कापावे लागतात. कापड उभ्या धाग्यात किती ताणते, आडव्यात किती, हे आधी ठाऊक असावे लागते. शिवण कुठे ताण घेईल आणि कुठे उसवेल, याचा अंदाज लागतो. हे ज्ञान प्रबंधात नव्हते. ते शिवणाऱ्यांच्या हातात होते. ओटोने प्रतिकृतींवर आकार शोधले, स्ट्रोमायरच्या माणसांनी ते कापडात उतरवले. इतिहासाने मात्र सही एकाचीच ठेवली.

खेळकर म्हणजे काय?

दोन वर्षांनी, १९५७ साली, हेच प्रदर्शन ऱ्हाइनकाठी कोलोन शहरात भरले. पाण्याच्या गोल कुंडात मधोमध नाचण्यासाठी चौथरा होता. जागेचे नावच टान्सब्रुनेन, म्हणजे नृत्याचे कारंजे. त्यावर ओटोने चांदणीच्या आकाराचा तंबू उभारला. कापडाच्या घड्या आळीपाळीने एक वर, एक खाली अशा मध्याकडे जात होत्या. दुरून पाहणाऱ्याला पाण्यावर मोठे फूल उमलल्यासारखे वाटे.

लोकांना हे मंडप खेळण्यासारखे वाटले. त्यांची नावेही तशीच: कासेलच्या एका छपराला 'फुलपाखरू' म्हणत, तर दुसऱ्या समूहाला 'तीन अळंब्या'. पण त्यातला कोणताही आकार लहरीने ठरलेला नव्हता. पुढच्या काळात ओटो तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर धरणाऱ्या पडद्यांचे मोजमाप घेत असे. साबणाचा पडदा दिलेल्या कडांमध्ये कमीत कमी क्षेत्रफळाचा आकार आपोआप शोधतो आणि त्यात सगळीकडे ताण सारखा असतो. वास्तुकाराने कडा ठरवायच्या. मधला आकार निसर्ग ठरवणार. हा खेळ खराच, पण लगोरीसारखा, नियम पाळून खेळायचा.

हा खेळ कोणत्या पार्श्वभूमीवर चालला होता, हे विसरून चालणार नाही. नाझी राजवटीला दगडाचे वेड होते. न्यूरेंबर्गचा आल्बर्ट श्पेअरचा दगडी सज्जा हजारो वर्षे टिकावा, पडला तरी त्याचे अवशेष भव्य दिसावेत, अशा हिशेबाने रचला होता. त्यानंतर दहा वर्षांनी पाथरवटाच्या हाताखाली शिकलेला मुलगा उन्हाळा संपताच उतरवायचे छप्पर बांधतो, हा योगायोग नव्हे. हलके बांधणे ही युद्धोत्तर जर्मनीत भूमिका घेण्याची रीत होती. त्याच १९५५ साली, त्याच कासेलमध्ये, याच उद्यान प्रदर्शनाच्या जोडीने आर्नोल्ड बोडे याने 'डॉक्युमेंटा' हे कलाप्रदर्शन सुरू केले आणि नाझींनी हीन ठरवलेल्या आधुनिक कलेला पुन्हा भिंती मिळाल्या.

इथपर्यंतचे विवेचन बहुतेक पुस्तकांत असते. मला त्यात एक अडचण दिसते. जड म्हणजे हुकूमशाही आणि हलके म्हणजे लोकशाही, हे समीकरण फार सोयीचे आहे. श्पेअरनेच न्यूरेंबर्गच्या मेळाव्यांसाठी शंभराहून अधिक सर्चलाइट आकाशाकडे रोखून प्रकाशाचे 'देऊळ' उभे केले होते. त्याला वजन नव्हते, ते एका रात्रीपुरते होते, तरीही तो धाक घालण्याचाच कारखाना होता. म्हणजे तात्पुरतेपणा आणि हलकेपणा आपोआप निर्दोष ठरत नाहीत. मग फरक कुठे पडतो? माझ्या मते तो कळण्यात पडतो. प्रकाशाच्या खांबांखाली उभा असलेला माणूस दिपून जातो. ते कसे उभे आहे हे त्याला कळू नये, हाच त्याचा हेतू. कासेलच्या छपराखाली बसलेल्या माणसाला खांब दिसतो, दोर दिसतो, खुंट दिसतो. शाळकरी पोरालाही एक दोर सोडला तर काय होईल ते सांगता येते. जे आपल्याला उलगडते त्याची भीती वाटत नाही. या मंडपांचा खेळकरपणा मला त्यांच्या आकारापेक्षा या उघडेपणात दिसतो.

तात्पुरत्याचे आयुष्य

पुढची कहाणी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १९६७च्या माँट्रियल जागतिक प्रदर्शनातला पश्चिम जर्मनीचा मंडप ओटोने रोल्फ गुटब्रोडबरोबर केला. त्यानंतर १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचे, ग्युंटर बेनिशबरोबरचे, सुमारे ७५ हजार चौरस मीटरचे छप्पर आले. नाट्यमहोत्सवासाठी प्रसिद्ध असलेल्या बाड हर्सफेल्ड येथे १७६१ साली जळालेल्या मठाच्या भग्नावशेषांवर त्याने १९६८मध्ये गोळा करता येणारे छप्पर बसवले: पाऊस आला की पसरायचे, आकाश निरभ्र झाले की आवरायचे. १९७७ साली पिंक फ्लॉइड या रॉक वाद्यवृंदाच्या अमेरिकेतल्या दौऱ्यासाठी त्याने उघडमीट होणाऱ्या छत्र्या केल्या. मार्च २०१५मध्ये तो वारला आणि दुसऱ्याच दिवशी प्रित्झकर पारितोषिक त्याला जाहीर झाले.

मला अधिक विलक्षण वाटते ते दुसरेच. एका उन्हाळ्यासाठी म्हणून केलेला कोलोनचा चांदणी-तंबू आजही उन्हाळ्यात उभा राहतो. त्याचे कापड बदलले गेले, पण आकार तोच आहे. माँट्रियलच्या मंडपासाठी श्टुटगार्टमध्ये चाचणीपुरता उभारलेला सांगाडा पुढे ओटोच्या संशोधन संस्थेची इमारत झाला. मानहाइम येथे १९७५च्या उद्यान प्रदर्शनासाठी केलेले लाकडी जाळीचे तात्पुरते सभागृह १९९८ साली संरक्षित वास्तू ठरले. हजारो वर्षांच्या हिशेबाने बांधलेला न्यूरेंबर्गचा दगड तर काही दशकांतच ढासळू लागला.

कापड बदलून आकार टिकतो, याचा अर्थ टिकतो तो आकारामागचा हिशेब. कापड कुठे कापायचे आणि दोर किती ताणायचा, हे कुठेतरी लिहून ठेवलेले असते म्हणून पुढची पिढी तोच तंबू पुन्हा शिवू शकते. ओटोचे नकाशे, प्रतिकृती, छायाचित्रे जपली गेली आहेत. आणि इथे मला आपल्याकडे वळावेसे वाटते. १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव मांडवात भरतो. त्यात कोणत्या वर्षी कोण काय गायले, हे सांगणारे रसिक घरोघरी भेटतील. पण एवढी माणसे खाली बसतील असा मांडव कोणत्या मापाने बांधतात, खांबांतले अंतर कसे ठरते, वाऱ्याचा अंदाज कोण बांधतो, कोणती गाठ कुठे मारतात, हे कुठे लिहिले आहे? गणपतीच्या मांडवांचे, तमाशाच्या कनातींचे, वारीतल्या राहुट्यांचेही तेच. तणावा किती ओढायचा, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. बांबूची जागा लोखंडी नळ्या घेत आहेत आणि त्याबरोबर गाठींची गरज संपते आहे.

ओटो आणि स्ट्रोमायर यांची भेट झाली नसती तर एकाचे आकार कागदावर राहिले असते आणि दुसऱ्याचे कौशल्य कारखान्याच्या भिंतींत. आपल्याकडे कौशल्य आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालयेही आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने जुन्या मांडववाल्यापाशी बसून त्याच्या गाठी, मापे आणि शब्द वहीत उतरवून घेतले, तरी पहिले पाऊल पडेल. मांडव उतरवायचाच असतो. त्याचा हिशेब मात्र उतरून ठेवायला हवा.