पौगंडावस्थेतील राग

पौगंडावस्थेतील राग म्हणजे साधारणतः १० ते १९ वर्षे या वयात अनुभवास येणारी तीव्र संतापाची भावना होय. राग ही भावना असून आक्रमकता हे वर्तन आहे. मानसशास्त्र या दोहोंत भेद करते. राग येणे हा विकार नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रातही क्रोध हा रौद्र रसाचा स्थायीभाव, म्हणजे मानवी मनाच्या मूलभूत भावांपैकी एक, मानला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा काळ वादळी असल्याचे मत मांडले. मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये सामोआ बेटांवरील मुलींच्या अभ्यासावरून या मताला आव्हान दिले. मीड यांचे निष्कर्षही पुढे वादग्रस्त ठरले. या वयात संघर्षाची शक्यता वाढते, परंतु तो प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असे नाही, असे आज सामान्यतः मानले जाते.

कारणे

भावनिक प्रतिक्रियांशी निगडित असलेली मेंदूतील यंत्रणा पौगंडावस्थेच्या प्रारंभी अधिक संवेदनशील होते. आवेगांना आवर घालणाऱ्या, कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या भागाची वाढ मात्र विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. अपमान, समवयस्कांतील अवहेलना, घरातील हिंसा, अन्यायाची जाणीव ही रागाची नेहमीची निमित्ते होत. सर्वच राग अवाजवी नसतो, ही बाब पालकांकडून बरेचदा दुर्लक्षिली जाते.

अपुरी झोप हे उपेक्षित कारण आहे. वयात येताना झोपेची नैसर्गिक वेळ पुढे सरकते, शाळेची वेळ मात्र सकाळचीच राहते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला, तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्या वयात हा बदल घडतो ते वर्ग त्यातून वगळले गेले.

राग बाहेर काढण्याचा समज

मनातला राग बाहेर काढला की तो ओसरतो, त्यासाठी उशी बडवावी किंवा ओरडावे, असा समज रूढ आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तो टिकला नाही. सहाशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधावरील अपमानकारक शेऱ्याने चिडविण्यात आले. त्यांपैकी काहींनी शेरा देणाऱ्याचा विचार करीत मुष्टियुद्धाच्या सरावाची पिशवी बडवली, काहींनी व्यायामाचा विचार करीत ती बडवली, तर काही नुसते बसून राहिले. पहिल्या गटाचा राग सर्वाधिक राहिला. काहीच न करणारे अधिक शांत होते. १५४ अभ्यासांच्या २०२४ मधील एकत्रित विश्लेषणातही दीर्घ श्वसन, ध्यान, स्नायूंचे शिथिलीकरण यांसारख्या शारीरिक उत्तेजना कमी करणाऱ्या उपायांनी राग घटतो, असे आढळले. धावण्याने तो कमी झाला नाही.

नियमन

रेमंड नोव्हाको यांनी १९७५ च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीत रागाची निमित्ते ओळखणे, शरीरातील पूर्वखुणा (छातीतील धडधड, आवळलेल्या मुठी) टिपणे आणि कठीण प्रसंगांचा आधी सराव करणे यांवर भर आहे. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीनुसार प्रसंगापेक्षा त्यामागील हट्टाग्रह राग भडकवतो. 'मित्राने माझ्याशी असे वागायला नको होते' ही इच्छा झाली. 'त्याने असे वागताच कामा नये' हा हट्ट. पहिलीतून नाराजी निर्माण होते, दुसऱ्यातून संताप. ही पद्धती मराठीत कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित झाली.

मोठ्यांनी भडक्याच्या क्षणी उपदेश करणे सहसा निष्फळ ठरते. त्या वेळी अंतर ठेवून, मूल शांत झाल्यावर संवाद साधणे अधिक उपयुक्त असते. मुलाचे म्हणणे ऐकून घेणे म्हणजे तोडफोडीला मान्यता देणे नव्हे.

मदत केव्हा घ्यावी

मुलांमध्ये नैराश्य दुःखाऐवजी सततच्या चिडचिडीच्या रूपातही दिसू शकते. त्यामुळे 'उद्धट' ठरविला गेलेला मुलगा प्रत्यक्षात खचलेला असण्याची शक्यता राहते. वारंवार मारहाण, वस्तूंची मोडतोड, स्वतःला इजा करणे किंवा मरणाची भाषा आढळल्यास तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक असतो. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. अडचणीत सापडलेल्या मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ हा आहे.