पोल्का आणि पोलके : एका हलक्याफुलक्या नृत्यसंगीताचा वऱ्हाडातील माग

व्हिएन्ना येथे २४ नोव्हेंबर १८५८ रोजी धाकट्या योहान स्ट्राउसची ‘ट्रिच-ट्राच पोल्का’ ही वाद्यवृंदरचना प्रथम सादर झाली. रशियातील पाव्लोव्स्क येथील मैफलींचा हंगाम गाजवून तो नुकताच परतला होता. शीर्षकाचा अर्थ चकाट्या, कुचाळक्या असा आहे. नेस्ट्रॉय या नाटककाराच्या १८३३ मधील प्रहसनाचे नावही हेच होते. दोन मात्रांचा द्रुत ठेका, एकमेकांना मध्येच तोडणारी वाद्ये आणि तीनेक मिनिटांत उरकणारा खेळकर पसारा, असे या रचनेचे स्वरूप आहे. अशा रचनांची ‘करमणूक’ या एका शब्दात बोळवण करण्याची प्रथा आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात तर तिचा उल्लेखही अप्रस्तुत वाटेल. तथापि पोल्का हे नाव या जिल्ह्याच्या घराघरांत परिचित आहे, ते परकर-पोलक्यामुळे.

पोल्का हे मूळचे बोहेमियातील नृत्य. चेक भाषेतील ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून, म्हणजे त्यातील आखूड पावलावरून, हे नाव पडले असावे. १८४० च्या दशकात पॅरिस व लंडन या नृत्याने अक्षरशः झपाटून गेले. व्यापाऱ्यांनी ही संधी दवडली नाही. स्त्रियांच्या अंगासरशा जाकिटालाही पोल्का हेच नाव मिळाले. मराठीतील ‘पोलके’ या शब्दाची व्युत्पत्ती याच जाकिटाशी जोडली जाते. गुजरातीतील ‘पोलकुं’ हे त्याचे भावंड होय.

वस्त्र आणि संगीत यांचे हे नाते व्यापाराच्या संदर्भातही तपासण्याजोगे आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनीकडे गेला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) येथील कापसाला अपूर्व भाव आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून निघणारा कापूस युरोप खंडातील गिरण्यांकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. त्यातील एक महत्त्वाचे बंदर ट्रिएस्ट, म्हणजे स्ट्राउसच्याच ऑस्ट्रियन साम्राज्याचे. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी (वूण) या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याचे नाव बदलले.

कापूस बाहेर गेला आणि शब्द आत आला. सूर मात्र वाटेतच गळाला. पोलके शिवणाऱ्या किंवा नेसवणाऱ्या स्त्रीला त्यामागे एक नाच आहे याची वार्ताही नसे, आणि ती असण्याचे कारणही नव्हते. तिच्या दृष्टीने बदल वेगळाच होता. खणाची चोळी समोर गाठ मारून बसवावी लागे. पोलक्याला गुंड्या-काजे आले, माप आले आणि मापाबरोबर शिंपीही आला. हा बदल सर्वत्र सारखा झाला नाही. पुसद-दिग्रस परिसरातील बंजारा स्त्रियांनी आरसेकामाची कांचळी दीर्घकाळ टिकवली. तेथे पोलक्याची मात्रा फारशी चालली नाही, हे लक्षणीय आहे.

अडचण पुराव्याची आहे. कापसाच्या गाठींची मोजदाद सरकारी दप्तरांत सापडते, पोलक्याची नाही. जुनी पोलकी एक तर गोधडीत गेली किंवा बोहारणीच्या टोपलीत. उरला तो शब्द, आणि चोळी, पोलके, ब्लाऊज ही तिन्ही नावे वेगवेगळ्या वस्त्रांसाठी नेमकेपणाने वापरणाऱ्या वृद्ध स्त्रिया. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या घरांत त्या आजही आहेत. त्यांच्या तोंडून ही नावे नोंदवण्याचे काम इतिहास विभागांनी अद्याप मोठ्या प्रमाणावर हाती घेतलेले दिसत नाही.