प्रयोगशाळेतील मुके जीव आणि आपली जयणा

जीवदया हा जैन समाजाचा प्राण आहे असे आपण अभिमानाने सांगतो आणि त्या अभिमानाला इतिहासाचा आधारही आहे. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा पारशी, हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून त्याचा निषेध केला. पुढे १८३४ साली शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, आणि जमशेदजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे पांजरपोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने लागा बसवून तिचा खर्च चालविला. थकलेला बैल, जखमी कुत्रे, पंख तुटलेला पक्षी यांना आसरा मिळाला. हाच कित्ता पुढे ठिकठिकाणी गिरवला गेला.

परंतु पांजरपोळीच्या दारात येणारा जीव आपल्या डोळ्यांना दिसणारा होता. त्याच शतकाच्या अखेरीस जीवांचा आणखी एक वर्ग निर्माण झाला, जो कोणाच्याही दृष्टीस पडत नव्हता. तो म्हणजे प्रयोगशाळेतील ससे, उंदीर, गिनिपिग आणि माकडे. या मुक्या जीवांसाठी कायदा कसा झाला, तो कित्येक वर्षे कसा निद्रिस्त राहिला आणि त्यात सामान्य नागरिकासाठी कोणती जागा राखलेली आहे, याचा इतिहास आपल्या समाजाने जाणून घेण्यासारखा आहे.

लस आणि ससा

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली. आधी ती सशांवर अजमावली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव आजही त्या कार्याची साक्ष देते.

या घटनेत पुढील सर्व प्रश्नांचे बीज आहे. शास्त्रज्ञ निर्दय नव्हता. त्याने स्वतःच्या देहाचीही पर्वा केली नाही. लसीने माणसे वाचली, त्यांत आपल्या समाजाचीही घरे होती. तरीही त्या लसीच्या मागे सशांच्या यातना होत्या आणि त्यांची विचारपूस करणारी कोणतीही यंत्रणा त्या काळी भारतात नव्हती.

इंग्लंडमध्ये मात्र १८७६ सालीच प्राणिप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला होता. फ्रान्सिस पॉवर कॉब या विदुषीने त्यासाठी मोठी चळवळ उभारली. प्रयोग करणाऱ्याने परवाना घ्यावा आणि निरीक्षकाने पाहणी करावी, अशी त्यात तरतूद होती. भारतात इंग्रज सरकारने १८९० साली प्राणिक्रूरतेविरुद्ध कायदा केला खरा, पण त्याचा रोख मुख्यतः रस्त्यावर अथवा लोकांची ये-जा असलेल्या ठिकाणी घडणाऱ्या क्रूरतेवर होता. बंद दाराआड काय घडते याची दखल त्याने घेतली नाही.

रुक्मिणीदेवींचे विधेयक

स्वातंत्र्यानंतर ही उणीव दूर करण्याचे श्रेय श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्याकडे जाते. चेन्नईच्या 'कलाक्षेत्र' या संस्थेच्या संस्थापिका व भरतनाट्यमच्या थोर उपासक म्हणून त्या जगाला परिचित आहेत. १९५२ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्यांनी प्राणिक्रूरता प्रतिबंधाचे खाजगी विधेयक सभागृहात मांडले. १९५४ साली त्यावर चर्चा झाली. पंतप्रधान पंडित नेहरूंनी सरकारच असा कायदा आणील असे आश्वासन दिले, तेव्हा रुक्मिणीदेवींनी आपले विधेयक मागे घेतले. त्या आश्वासनातून १९६० सालचा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा साकार झाला. १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवीच झाल्या.

या कायद्याचे चौथे प्रकरण प्राणिप्रयोगांविषयी आहे. त्याच्या १४ व्या कलमाने नवे ज्ञान मिळविण्यासाठी, जीव वाचविण्यासाठी किंवा रोगाशी लढण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदेशीर ठरविलेले नाहीत. अनेक जीवदयाप्रेमींना हे कलम आजही खटकते आणि ते खटकणे स्वाभाविक आहे.

मात्र त्यापुढील १७ वे कलम लक्षपूर्वक वाचले पाहिजे. प्रयोगाच्या आधी, प्रयोग चालू असताना व नंतर प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत, ही जबाबदारी त्यात एका समितीवर टाकली आहे. शस्त्रक्रिया पुरेशी भूल देऊनच व्हावी, पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रफिती यांवर भागत असेल तेथे प्राणी वापरू नयेत, केवळ हात साफ करण्यासाठी प्रयोग करू नयेत आणि प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवावी, अशी तत्त्वे त्यात घालून दिली आहेत.

जैन वाचकाला हा विचार परका वाटणार नाही. यालाच आपण जयणा म्हणतो. श्रावकाकडून संपूर्ण अहिंसेचे महाव्रत पाळले जात नाही, म्हणून त्याच्यासाठी अणुव्रत सांगितले. चूल पेटल्याशिवाय संसार चालत नाही, पण चूल पेटविण्याआधी ती पुंजून घेता येते. पाणी प्यावेच लागते, पण ते गाळून पिता येते. १९६० चा कायदा हे महाव्रत नव्हे. ते राष्ट्राने घेतलेले अणुव्रत होय.

माकडांची निर्यात : एका कराराची गोष्ट

घेतलेले व्रत पाळले जाते की नाही हे कोणी पाहिलेच नाही तर काय होते, याचे उत्तर माकडांच्या निर्यातीच्या इतिहासात मिळते.

१९५० च्या दशकात पोलिओची लस तयार करण्यासाठी माकडांच्या मूत्रपिंडातील पेशी लागत. त्यासाठी उत्तर भारतातील लाल तोंडाची माकडे पकडून विमानाने अमेरिकेला पाठविली जात. एकेका वर्षी ही संख्या १ लाखाच्या वर गेली. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर मुक्कामात असताना जवळजवळ ४०० माकडे गुदमरून मेली आणि देशभर हळहळ व्यक्त झाली. भारत सरकारने काही काळ निर्यात थांबविली. नंतर अमेरिकेशी करार होऊन ती पुन्हा सुरू झाली. ही माकडे लस बनविण्यासाठी आणि रोगनिवारक संशोधनासाठीच वापरली जातील, अणुस्फोटाशी संबंधित प्रयोगांसाठी नव्हे, अशी हमी त्या करारात होती.

हमी कागदावर होती. ती पाळली जाते का, हे पाहणारा भारताचा कोणी माणूस त्या प्रयोगशाळांत नव्हता. १९७७ साली डॉ. शर्ली मॅकग्रील यांच्या वानर संरक्षण संघटनेने उघड केले की अमेरिकेच्या लष्करी किरणोत्सर्ग संशोधन संस्थेत या माकडांवर तीव्र किरणांचा मारा करून, ती मरेपर्यंत किती काम करू शकतात याची परीक्षा घेतली जात होती. ज्या जीवांना बालकांच्या रक्षणासाठी म्हणून पाठविले, त्यांचा उपयोग अण्वस्त्रांच्या अभ्यासासाठी झाला होता. तत्कालीन पंतप्रधान मोरारजीभाई देसाई यांच्या सरकारने निर्यातबंदी जाहीर केली आणि १ एप्रिल १९७८ पासून ती अमलात आली.

करार आणि बंदी यांच्यामध्ये २२ वर्षांहून अधिक काळ गेला. बंदीमुळे पोलिओची लस मात्र थांबली नाही. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी पुढे त्या कामी येऊ लागल्या. भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला. मार्ग बंद झाला की बुद्धी दुसरा मार्ग शोधते, हा या घटनेचा एक बोध आहे. दुसरा बोध असा की, तपासणीवाचून दिलेली हमी व्यर्थ असते.

निद्रिस्त कायदा जागा झाला

आपल्या देशातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. कायद्यानुसार १९६४ साली समिती नेमली गेली आणि १९६८ साली नियमही झाले. पण पुढे हे काम मंदावत गेले. नियमभंगासाठी कायद्याने ठरविलेला दंड होता जास्तीत जास्त २०० रुपये! ज्या हिशेबाची तपासणी होत नाही, तो हिशेब हळूहळू लिहिलाच जात नाही, हे व्यवहारातील सत्य येथेही खरे ठरले.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रीमती मेनका गांधी यांच्या अध्यक्षतेखाली समिती पुन्हा कार्यरत झाली आणि डिसेंबर १९९८ मध्ये नवे नियम आले. प्राणी पाळणाऱ्या व त्यांच्यावर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची झाली. प्राणी कोठून आणले, किती आणले, त्यांचे काय झाले, याची नोंदवही आवश्यक ठरली. संशोधनाला विलंब होतो अशी तक्रार शास्त्रज्ञांनी केली आणि तीही सर्वस्वी निराधार नव्हती. २००१ व २००६ साली नियमांत सुधारणा झाल्या. प्रयोगानंतर प्राण्याची शुश्रूषा व पुनर्वसन करणे ही प्रयोग करणाऱ्याचीच जबाबदारी मानली गेली.

१९५९ साली रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली होती. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरावा, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि वेदना कमी होतील अशी पद्धत स्वीकारावी. भारताने त्यात पुनर्वसन हे चौथे तत्त्व जोडले. पांजरपोळीची परंपरा असलेल्या देशाला हे शोभणारेच आहे.

यानंतर बदल वेगाने झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली महाविद्यालयांतील विच्छेदन कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ साली ते थांबविण्याचा निर्देश दिला. बेडूक कापावा लागेल म्हणून प्राणिशास्त्र सोडणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण त्यामुळे दूर झाली. २०१४ सालीच सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आणि अशा प्रसाधनांची आयात यांवर बंदी आली. २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशी, संगणक यांसारख्या पर्यायी चाचण्यांना स्थान मिळाले.

एक खुर्ची आणि एक प्रश्न

या साऱ्या व्यवस्थेत एक तरतूद अशी आहे की जिच्याकडे आपल्या समाजाचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्राणिप्रयोग करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत एक नीतिसमिती असावी लागते. तीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो आणि शास्त्रज्ञ नसलेला, पण सामाजिक जाणीव असलेला एक सदस्यही असतो. प्रयोग सुरू होण्यापूर्वी त्याचा आराखडा या समितीपुढे यावा लागतो.

येथे धर्मनिष्ठ मनात एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. आपल्या धर्मात हिंसा करणे, करविणे आणि तिला अनुमोदन देणे या तिन्हींचा दोष सांगितला आहे. मग जी समिती प्रयोगांना मान्यता देते, तीत श्रावकाने बसावे काय? संपूर्ण त्यागाच्या मार्गावरील साधु-साध्वींसाठी उत्तर स्पष्ट आहे. पण जो श्रावक आपल्या मुलाला लस टोचतो, वडिलांना मधुमेहाचे औषध देतो, त्याने त्या औषधामागच्या जीवांशी आपला संबंध नाही असे म्हणता येईल काय? त्याचे अनुमोदन तर आधीच घडलेले आहे, आणि तेही एकही प्रश्न न विचारता. अनुमोदनाचा दोष टाळण्यासाठी खुर्ची रिकामी ठेवल्याने एकाही सशाची वेदना कमी होत नाही. त्या खुर्चीवर बसणारा निदान विचारू शकतो की शंभर उंदीर कशासाठी, चाळीस का पुरणार नाहीत? भूल कोणती देणार? पर्याय शोधला होता काय? समाधान झाले नाही तर तो विरोधही नोंदवू शकतो.

आपले पूर्वज व्यापारी होते. दया आणि हिशेब या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. पांजरपोळीच्या वहीत एकेका जनावराच्या चाऱ्याचा खर्च लिहिला जाई, म्हणूनच ती दया टिकली. रुक्मिणीदेवींनी दयेला कायद्याचे रूप मिळवून दिले आणि १९९८ च्या नियमांनी तिला वही दिली. ती वही उघडून पाहणारी माणसे आता हवी आहेत.

संवत्सरीला आपण चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. त्यांत प्रयोगशाळेतील जीवही आलेच. आपल्या ट्रस्टच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणींनी, विशेषतः डॉक्टर, पशुवैद्य व वकील यांनी, हा कायदा अभ्यासावा आणि त्या एका खुर्चीसाठी स्वतःला तयार करावे. क्षमा मागण्याच्या जोडीने विचारपूसही केली, तरच आपली जीवदया बंद दाराआड पोहोचेल.

जय जिनेंद्र!