अठ्ठेचाळीस की शेहेचाळीस?

आमच्या घरात ‘गुणसूत्र’ हा शब्द येण्याआधी ‘ग्रहण’ हा शब्द आला. माझा मावसभाऊ, त्या वेळच्या भाषेत, ‘मतिमंद’ जन्मला आणि वडीलधाऱ्या बायकांनी निकाल दिला: मावशीने ग्रहणात विळीवर भाजी चिरली! मावशी तो ठपका मुकाट्याने वागवत राहिली. मी पुढे अमेरिकेत आले आणि प्रयोगशाळेत गुणसूत्रे मोजणे हाच माझा व्यवसाय झाला. त्या मोजणीची ही हकिकत.

गुणसूत्रे म्हणजे पेशीच्या केंद्रकातले डीएनएचे गुंडाळलेले धागे. एरवी ते विस्कटलेले असतात. पेशी विभागताना आखडतात, तेव्हाच सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसतात. १९२३ साली टेक्सासच्या थिओफिलस पेंटर यांनी माणसात ती ४८ असल्याचे जाहीर केले. त्यांच्या नमुन्यांत गुणसूत्रे एकमेकांवर चढलेली होती, तरी हा आकडा तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसला. १९५२ साली टी. सी. शू यांनी कमी क्षारांच्या द्रावणात पेशी फुगवून गुणसूत्रे सुटी करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. गंमत अशी, की खुद्द शू यांनीही ४८च मोजली! मनात आधीच बसलेले डोळ्यांनाही दिसते, ते असे.

डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे, आल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत, जो हिन त्जिओ यांनी मोजली ती ४६. त्जिओ जन्माने जावाचे, शिक्षणाने शेतकीतज्ज्ञ, महायुद्धात जपान्यांची कैद सोसलेले. आपल्यासारखेच परमुलखात आलेले. १९५६ मध्ये दोघांनी निष्कर्ष छापला.

खरा आकडा ४६ आहे हे कळले, म्हणूनच जास्तीचे एक ओळखता आले. १९५९ साली पॅरिसमध्ये लेज्यून, गोतिये आणि त्युर्पें यांनी दाखवले, की डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. बहुतेक वेळा बीजपेशी तयार होताना जोडी विलग होत नाही, एवढेच. आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते खरी, पण त्यात तिचा अपराध कसला?

१९८८ मध्ये भावाची तपासणी मुंबईत करून घेतली. गुणसूत्रांचा फोटो मावशीपुढे ठेवला. एकविसाव्या आकड्याखालचे तिन्ही ठिपके तिने बोट ठेवून मोजले.

“म्हणजे विळीचा काही संबंध नाही?”

“नाही गं मावशी.”

तिने पुन्हा एकदा मोजले.