एका पेटीत दोन टपालवाले

भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलने विलेपार्ल्याला उतरले, की जुहू जवळच. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत आणि पवईच्या आयआयटीत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फोनच्या तारेवरून ई-मेलची ये-जा सुरू झाली, ‘अर्नेट’ प्रकल्पातून. सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएलने इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

पत्र पोचले म्हणजे नेमके कुठे पोचले? युनिक्स यंत्रांत एका माणसाची सारी पत्रे एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक लिहिली जात. तुम्ही जुने पत्र खोडत असताना नवे येऊन थडकले तर घोटाळा ठरलेला. म्हणून फाइलला कुलूप लावायचे. एकेरी रुळांवर चालकाला गोळा मिळाल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही, तसेच हे. एका यंत्रापुरते ते छान चाले.

पुढे कार्यालयांत यंत्रे वाढली. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८०च्या दशकाच्या मध्यास आणलेल्या ‘एनएफएस’मुळे दुसऱ्या यंत्राची डिस्क आपलीच असल्यासारखी वापरता येऊ लागली. टपालही तिथेच ठेवणे ओघाने आले. पण हा सर्व्हर मुद्दाम विसरभोळा केलेला होता. कोणती फाइल कोणी उघडली आहे हे तो लक्षात ठेवत नसे, म्हणजे बंद पडून उठला तरी काम पुढे चालू. युक्ती नामी, पण कुलपाला स्मरणशक्ती लागते! त्यातच प्रत्येक यंत्र फाइलची माहिती काही काळ स्वतःजवळ जपून ठेवी. फाइलचा शेवट कुठे, याबद्दल दोन यंत्रांची समजूत वेगळी झाली, की एक पत्र दुसऱ्यावर लिहिले जाई. नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे असे पुसले गेले, तर पाठवणाऱ्याला पत्ता नाही, उमेदवारालाही नाही.

कधी कुलूप लागल्याची पोचच वाटेत हरवे. यंत्र पुन्हा विचारी, उत्तर येई ‘कुलूप आधीच आहे’. गोळा हातात असून चालक खोळंबलेला!

डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९०च्या दशकात ‘मेलडिर’ पद्धत काढली: प्रत्येक पत्राची वेगळी फाइल, नावात वेळ, प्रक्रियेचा क्रमांक आणि यंत्राचे नाव. आधी कच्च्या कप्प्यात पुरते लिहायचे, मग नव्या टपालाच्या कप्प्यात सरकवायचे. कुलूपच नको. माझ्या मते सर्वांत शहाणा उपाय हाच. तरीही दूरची डिस्क जोडलेलीच नसेल, तर टपाल वाटणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे रिकामी जागा दिसते आणि खरे पत्र ‘असा माणूस नाही’ म्हणून परत जाऊ शकते. म्हणून अनेक जाणकार पत्र सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरच उतरवतात आणि वाचणाऱ्याला आयमॅपने तिथे येऊ देतात.